चावी न देण्याबद्दल

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी माझ्या सुनेला एका थांबलेल्या घड्याळावरून रडवलं. आदल्या पाच रात्रींपैकी तीन रात्री तिनं नांदेडच्या दवाखान्यात माझ्या उशाशी, प्लास्टिकच्या खुर्चीवर काढल्या होत्या. मी मायला भेटायला नांदेडला गेलो होतो आणि गुरुवारी संध्याकाळी तिथंच छातीत कळ आली. मुलगा आणि सून त्याच रात्री लातूरहून निघाले. शुक्रवारी सकाळी घड्याळाला चावी कोण देणार, हे निघताना तिला सुचलं नाही. मंगळवारी आम्ही लातूरला परतलो. देवघराशेजारच्या कोनाड्यातलं घड्याळ नऊ वाजून वीस मिनिटांवर थांबलेलं दिसलं आणि मी चपला काढायच्या आधीच बोललो, "एवढं एक काम सांगून गेलो होतो." पुढंही बरंच बोललो. ते इथं लिहीत नाही, पण मला ते शब्दन् शब्द आठवतं.

ते घड्याळ माझ्या वडिलांचं. त्यांना आम्ही अण्णा म्हणत असू. कंधार तालुक्यातल्या खेड्यांमध्ये त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक म्हणून नोकरी केली. १९७१ साली नांदेडला वजिराबादेत जाऊन त्यांनी एचएमटी जनता घेतलं. बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली सुरू झाला होता, आणि तेव्हाच्या शिक्षकाच्या, तलाठ्याच्या, एसटीच्या कंडक्टरच्या मनगटावर असायचं ते बहुतेक त्याच कारखान्याचं. अण्णांच्या घड्याळाच्या डायलवर आकडे देवनागरी आहेत. आत १७ ज्वेल, म्हणजे माणकं. सेल नाही, हाताच्या हालचालीनं चावी भरण्याची सोय नाही. रोज चिमटीत चावी धरून फिरवायची, एवढाच त्याचा खुराक.

गावात वेळ सांगणारं दुसरं काही नव्हतं. शाळेची घंटा म्हणजे लिंबाच्या फांदीला टांगलेला रुळाचा तुकडा. तो वाजवायचा कधी, हे अण्णांच्या मनगटावरून ठरायचं, आणि त्या आवाजावर शेतात निघणारी, भाकरी बांधून घेणारी माणसं होती. म्हणून ते घड्याळ नीट मिळवून ठेवणं अण्णांना नोकरीचाच भाग वाटत असे. सकाळी अंघोळ झाली की ओट्यावर बसायचे, रेडिओवर प्रादेशिक बातम्या लागल्या की काटे तपासायचे आणि मग चावी. तीसेक फेरे. बोटाला अडसर लागला की तिथंच थांबायचे. मी आठ-नऊ वर्षांचा असताना त्यांच्या गुडघ्याला टेकून तो करकर आवाज ऐकत असे. घड्याळाला कधी हात लावू दिला नाही, पण कानाला मात्र लावून द्यायचे.

आता माझ्या मनात ही भीती कुठून आली ते सांगायला हवं.

१९९३ मध्ये आम्ही लातूरला राहत होतो. मी ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवत होतो. गणपती विसर्जनाची मिरवणूक पाहून उशिरा झोपलो होतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटं कमी असताना, जमीन हलली. किल्लारी आमच्यापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर. आमच्या घराला तडे गेले, माणसं वाचली. औशापलीकडं, किल्लारीकडं, सास्तूरकडं काय झालं ते दुसऱ्या दिवसापासून डोळ्यांनी पाहिलं. दगडमातीच्या जाड भिंती आणि माळवदं झोपलेल्या माणसांवर बसली होती. आमच्या भिंतीवर आठ दिवसांची चावी लागणारं लंबकाचं घड्याळ होतं. त्या धक्क्यानं लंबक थांबला आणि काटे तिथंच राहिले. कितीतरी दिवस कुणी त्या घड्याळाला हात लावला नाही. पत्नीनं शेवटी ते उतरवून चादरीत गुंडाळून माळ्यावर टाकलं, ते परत कधी भिंतीवर आलं नाही. बंद घड्याळ घरात ठेवू नये असं आपल्याकडं म्हणतातच. मी वर्गात असल्या समजुतींविरुद्ध बोलणारा माणूस. पण त्या पहाटेनंतर थांबलेले काटे दिसले की माझ्या पोटात खड्डा पडायचा, आणि ही गोष्ट मी कुणाला सांगितली नव्हती.

त्या दिवशी दुपारी अण्णा नांदेडहून मिळेल त्या गाडीनं लातूरला पोचले होते. आम्ही सगळे रस्त्यावर बसलेलो. त्यांनी माझ्या, पत्नीच्या, लेकराच्या डोक्यावरून हात फिरवला, तेव्हा ते घड्याळ माझ्या कानाजवळून गेलं आणि त्याची टिकटिक मला ऐकू आली. माझ्यासाठी अण्णा आणि ती टिकटिक त्या क्षणी एकच होऊन बसली.

अण्णा २०१२ मध्ये गेले. माय धाकट्या भावाकडं नांदेडलाच राहिली आणि घड्याळ माझ्याकडं आलं. मी ते कधी मनगटावर बांधलं नाही. कोनाड्यात ठेवलं आणि रोज सकाळी सातला चावी देत गेलो. सात वर्षं, एक दिवस न चुकता. लग्नकार्याला गेलो तर खिशात घेऊन गेलो. माझं मत असं होतं की यांत्रिक घड्याळ चालतं ठेवलं तरच टिकतं, पडून राहिलं की आतलं तेल गोठतं, चाकं अडकतात. हे मत मी लोकांना सांगतही असे. नांदेड-लातूरकडं ज्यांच्या घरी वडिलांचं, आजोबांचं चावीचं घड्याळ कपाटात पडून आहे अशा कितीतरी जणांना मी आग्रहानं सांगितलं असेल, की रोज चावी द्या, बंद पडू देऊ नका. त्यातल्या काहींनी माझं ऐकलं. त्यांच्यापर्यंतही हे पोचावं म्हणून लिहितो आहे.

दवाखान्यातून आल्यावर मी घड्याळाला परत चावी दिली. ते चाललं. पंधरा-वीस दिवसांनी एका सकाळी रक्त तपासायला उपाशीपोटी गेलो आणि घरी यायला दहा वाजले. पाहतो तर घड्याळ नऊ वाजून दहा मिनिटांवर थांबलेलं. आदल्या सकाळी सातला चावी दिलेली. म्हणजे हिशेब २६ तासांचा. चांगल्या स्थितीतलं चावीचं घड्याळ पूर्ण चावीवर ४० तासांच्या आसपास चालतं. मी लगेच निष्कर्ष काढला की ऑगस्टमध्ये ते चार दिवस बंद राहिलं, तेव्हाच बिघडलं. सुनेला तसं बोललो नाही, पण तिच्यासमोर दोनदा घड्याळ हलवून कानाला लावलं. न बोलता बोलण्याचा तो प्रकार तिला कळला होता. तिनं तेव्हापासून कोनाड्याजवळची धूळ पुसणं सोडून दिलं.

नोव्हेंबरात मी ते गंजगोलाईत घेऊन गेलो. लातूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, गंजगोलाई म्हणजे मधोमध गोल इमारत, त्यात अंबाबाईचं देऊळ आणि भोवतीनं फुटलेले सोळा रस्ते. त्यातल्या एका रस्त्याच्या तोंडाशी एक वयस्कर घडीसाज टेबलापुरत्या जागेत बसतात. सगळे त्यांना चाचा म्हणतात. त्यांच्याकडं आता बहुतेक गिऱ्हाईक सेल बदलायला आणि पट्टा लावायला येतं. मी घड्याळ पुढं केलं आणि सांगितलं, चार दिवस बंद राहिल्यामुळं याची कमान (आतली स्प्रिंग) ढिली झाली आहे, २६ तासांतच थांबतं.

चाचांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचं झाकण उघडलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग विचारलं, शेवटचं ऑइलिंग कधी? मला आठवेना. अण्णांनी २००६ च्या आसपास कधीतरी केलं असावं. मी सात वर्षांत एकदाही केलं नव्हतं. घड्याळ चालत होतं, मग उघडायचं कशाला, असं मला वाटायचं.

त्यांनी दुसरं भिंग माझ्या हातात दिलं आणि चिमट्याच्या टोकानं दाखवत गेले. माणकांभोवती तेल असायला हवं तिथं काळपट किटण. चाकाच्या बारीक पोलादी टोकाला खाच. ज्या गोल डबीत कमान बसते तिचा आस पितळी पाटीतल्या भोकात फिरतो. ते भोक गोल राहिलं नव्हतं, लांबट झालं होतं. त्यामुळं डबी तिरकी होऊन घासत होती आणि कमानीचं अर्धं बळ तिथंच खर्च होत होतं. मी म्हटलं, पण ऑगस्टमध्ये बंद पडलं त्यानंतरच ना हे?

"सर, थांबल्यानं घड्याळाला काय होत नसतंय," चाचा म्हणाले. "ह्ये चालून चालून झिजलंय. कोरडं चालवलंय तुम्ही."

मी हिशेबाचा माणूस. दुकानासमोरच्या ओट्यावर बसून हिशेब केला. हे घड्याळ सेकंदाला पाच ठोके टाकतं. तासाला १८ हजार, दिवसाला ४ लाख ३२ हजार, वर्षाला १५ कोटी ७७ लाख. माझ्या सात वर्षांत ११० कोटी ठोके. ते सगळे वाळलेल्या तेलावर, आणि त्यातला एकही कुणी वेळ पाहावी म्हणून नाही. घड्याळ कोनाड्यात, माझ्या मनगटावर दुसरंच.

आणखी एक गोष्ट त्या ओट्यावर लक्षात आली, आणि तिनं मी जास्त हललो. २६ तासांवर आलेलं हे घड्याळ एका दिवसात तिथं आलेलं नव्हतं. वर्षावर्षानं त्याचा दम कमी होत गेला असणार, ४० वरून ३६, ३० आणि मग २६. पण मी दर २४ तासांनी चावी देत होतो, त्यामुळं ते थांबायचं नाही आणि मला कळायचं नाही. एकदा जरी त्याला मोकळं सोडून कुठवर जातं ते पाहिलं असतं, तरी दुखणं दिसलं असतं. ऑगस्टमध्ये ते नऊ वीसला थांबलं होतं. मी ते शुक्रवारच्या रात्रीचे नऊ वीस धरले होते, म्हणजे ३८ तास, म्हणजे तोवर ठणठणीत. डायल सकाळ-रात्र सांगत नाही. ते सकाळचे नऊ वीस होते. तेव्हाही २६ तासच. सुनेनं ज्या दिवशी चावी दिली नाही, त्याच्या कितीतरी आधीपासून घड्याळ आजारी होतं आणि तिच्या विसरण्यानं ते उघडकीला आलं होतं.

तेलाबद्दल माझं जे मत होतं, ते मुळात खोटं नव्हतं, शिळं होतं. पूर्वी घड्याळात प्राण्यांपासून काढलेली तेलं वापरत. पॉर्पॉइज नावाच्या समुद्री प्राण्याच्या जबड्यातलं तेल घड्याळजींमध्ये नावाजलेलं होतं. अशी तेलं काळानं चिकट होत, घट्ट होत, आणि पडून राहिलेलं घड्याळ अडखळे. तेव्हाचा सल्ला तसा होता. पुढं कृत्रिम तेलं आली. ती नुसतं घड्याळ बंद आहे म्हणून गोठत नाहीत. पण कायमची तीही टिकत नाहीत. हळूहळू उडतात, पसरतात, मळतात, घड्याळ चालो वा न चालो. फरक इतकाच की तेल संपलेलं घड्याळ थांबलेलं असेल तर त्याचं काही झिजत नाही. चालत असेल तर धातूवर धातू घासतो. म्हणून चार-पाच वर्षांनी ते उघडून, धुऊन, नवं तेल देऊन घ्यावं लागतं. हे चाचांनी मला दहा मिनिटांत सांगितलं. तेहेतीस वर्षं मी फळ्यावर घर्षण शिकवलं होतं.

सुटे भाग मिळायची अडचण होती. एचएमटीच्या घड्याळांचा कारभार बंद करायला केंद्र सरकारनं २०१६ च्या जानेवारीत मंजुरी दिली. चाचांकडं मेलेल्या जनतांचा एक डबा आहे. त्यातल्या एका घड्याळाची पाटी आणि चाक त्यांनी अण्णांच्या घड्याळात बसवलं. पाटी बदलली तर ते अण्णांचं राहील का, असं मी विचारलं. त्यांनी डायल, काटे, झाकण आणि बॅलन्स (झोके घेणारं चाक) जुनंच ठेवलं आणि काढलेली पाटी पुडीत बांधून मला परत दिली. (हल्ली नवं रंगवलेलं डायल आणि इकडचे-तिकडचे भाग घालून जुन्या एचएमटी विकल्या जातात. घेणाऱ्यानं झाकण उघडून दाखवायला सांगावं.)

घड्याळ दुरुस्तीला असतानाच नांदेडला जाणं झालं. मायला सगळं सांगितलं, सुनेला बोललो तेही. अण्णांचं घड्याळ मी एक दिवस बंद पडू दिलं नाही, असं सांगताना माझा आवाज जरा भरून आला होता. माय शेंगा फोडत होती. ती म्हणाली, "तुझे अण्णा उन्हाळ्यात कुठं चावी देत व्हते रे? शाळाच नसायची."

मला हे आठवत नव्हतं. ती सांगत गेली तसं आठवू लागलं. निकाल लागला की अण्णा घड्याळ काढायचे. मऊ धोतराच्या फडक्यात गुंडाळून पत्र्याच्या ट्रंकेत, सेवापुस्तकाच्या नकलेशेजारी ठेवायचे. मे महिनाभर त्यांचा हात मोकळा असायचा. मनगटावरचा पांढरा पट्टा उन्हात हळूहळू बुजून जायचा. शेतात जाताना, आंब्याला राखणीला बसताना त्यांना घड्याळ लागायचं नाही. जूनमध्ये शाळा उघडायच्या आदल्या संध्याकाळी ट्रंक उघडायची, रेडिओ लावायचा आणि चावी. तो पांढरा पट्टा मी शंभरदा पाहिला असेन. त्याचा अर्थ घड्याळ महिनाभर बंद होतं असा होतो, हे मात्र मनात कधी जोडलं गेलं नाही. चाळीसेक वर्षांच्या त्यांच्या वागण्यातलं मी तेवढंच उचललं होतं, जे माझ्या भीतीला हवं होतं.

रोजची चावी त्यांनी दिली, ती वापरासाठी. आणि वापरात असलेल्या घड्याळाला रोज ठरावीक वेळी चावी देण्यात शास्त्र आहे. जहाजांवर रेखांश काढण्यासाठी क्रोनोमीटर नावाची घड्याळं असत. त्यातलं दोन दिवसांचं म्हणून ओळखलं जाणारं घड्याळ एका चावीवर ५६ तास चालायचं, तरी त्याला रोज एकाच वेळी चावी दिली जायची. भरलेली कमान जोरात ढकलते, उतरत आलेली कमान हळू ढकलते. पूर्ण चावी असताना बॅलन्स एका बाजूला पाऊण फेऱ्याच्या आसपास झोका घेतो. शेवटच्या तासांत झोका आखडतो आणि वेळ चुकू लागते. रोज चावी दिली की कमानीचा वरचा, भरवशाचा भागच वापरात राहतो.

लातूरच्या माणसाला हे समजावणं सोपं आहे. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेच्या वाघिणींतून आमच्यासाठी पाणी आलं, तेव्हापासून इथल्या लेकरांनाही उपयुक्त साठा आणि मृतसाठा यातला फरक कळतो. धरण कोरडं पडलं असं आपण म्हणतो, तेव्हाही तळाशी पाणी असतं, ते दारांपर्यंत चढत नाही इतकंच. घड्याळाचं तसंच आहे. थांबलेल्या घड्याळाची कमान पूर्ण सैल झालेली नसते. ती डबीत गुंडाळलेलीच बसवलेली असते, तिच्यात ताण शिल्लक असतो, पण तो चाकं फिरवायला पुरत नाही. जुन्या चांगल्या खिशातल्या घड्याळांत तर मुद्दाम एक खाचेची चकती बसवत. कमानीतला कमजोर भाग सुरू व्हायच्या आधीच ती घड्याळ थांबवी. चुकीची वेळ दाखवण्यापेक्षा थांबलेलं बरं, असं ते बनवणाऱ्यांनीच ठरवलं होतं. मी इतकी वर्षं ज्याला अशुभ समजत होतो, ते कारागिरांनी विचार करून, मेहनत घेऊन त्यात घातलेलं होतं.

डिसेंबरात घड्याळ परत आलं. मी आधी सुनेची माफी मागितली. माणसांसमोर बोललो होतो, म्हणून माणसांसमोरच मागितली. मुलगा आणि पत्नी दोघंही बसलेले होते. ती म्हणाली, "मामा, मला तेव्हाच सांगायचं होतं की तुम्ही आयसीयूत होता तेव्हा मला वेळच कळत नव्हती, घड्याळ कुठून आठवणार." चार महिने ती हे वाक्य मनात धरून होती.

मग मी एक काम केलं, जे सात वर्षांपूर्वी करायला हवं होतं. पूर्ण चावी देऊन घड्याळ थांबेपर्यंत पाहिलं. डायल वर करून आडवं ठेवलं तेव्हा ते ३९ तास आणि काही मिनिटं चाललं. दुसऱ्या खेपेला उभं ठेवलं, तर दोन तास कमी. आडवं असताना बॅलन्स आपल्या आसाच्या बारीक टोकावर तोललेला असतो. उभं केलं की आसाची बाजू माणकाला टेकते आणि घर्षण वाढतं. पहिल्या खेपेला शेवटचा तास मी त्याच्यासमोर बसून होतो. रात्री दहाच्या पुढं सेकंदकाट्याची चाल जराशी ओढल्यासारखी झाली. मग तो थांबला. माझ्या पोटात नेहमीसारखं काहीतरी हललं. मी तसाच बसून राहिलो आणि वहीत वेळ लिहिली.

मनगटावर बांधलं काय किंवा काढून ठेवलं काय, चावीच्या घड्याळाच्या साठ्यात भर पडत नाही. ऑटोमॅटिकचं वेगळं. मुलानं मला दिलेलं सेको ऑटोमॅटिक आहे. त्याच्या आत एक अर्धचंद्राकृती वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि कमान भरतं. काढून ठेवलं तर तेही ४० तासांच्या आसपासच चालतं, पण कमान पूर्ण भरलेली असेल तर. निवृत्तीनंतर, विशेषतः त्या आजारपणात, ते माझ्या मनगटावर असूनही पहाटे थांबू लागलं होतं. मी दिवसभर आरामखुर्चीत. साठ्यात भरच पडत नव्हती. त्याला हातानं चावी देता येत नाही. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं, चालू लागलो आणि घड्याळही रात्र काढू लागलं. अशा घड्याळांना सतत फिरवत ठेवणाऱ्या विजेच्या पेट्या मिळतात. मुलगा घेऊन देणार होता. मी नको म्हटलं. गरज नसताना चाललेल्या घड्याळाचं काय होतं ते मी भिंगातून पाहिलं होतं.

जानेवारी २०२० मध्ये मी अण्णांचं घड्याळ सुनेला दिलं. ती औसा तालुक्यातल्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, पहिली ते चौथीच्या वर्गांवर. तिला पट्टा सैल झाला, चाचांनी दोन भोकं पाडून दिली. जेमतेम दोन महिने वापरलं आणि मार्चमध्ये कोरोनामुळं शाळा बंद झाल्या. मी तिला काही सुचवलं नाही. तिनं ते फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवलं.

२०२१ च्या एप्रिल-मेमध्ये रोज फोन वाजायचा आणि रोज कुणाचं तरी नाव असायचं. माझ्याबरोबरचे शिक्षक गेले, विद्यार्थी गेले. त्या दिवसांत रात्री दोनदा मी उठून ते कपाट उघडलं. घड्याळ हातात घेतलं, अंगठा चावीवर ठेवला. त्रेण्णवची ती पहाट माझ्या अंगात परत आली होती आणि वाटत होतं की याला चालू केलं तर काहीतरी थांबेल. दोन्ही वेळा मी ते परत फडक्यात ठेवलं. मत बदलणं डोक्यात होऊन जातं. अंगाला फार वेळ लागतो, आणि माझ्या अंगात ते अजूनही पुरतं उतरलं आहे असं मी म्हणणार नाही.

डिसेंबर २०२१ मध्ये खेड्यातले लहान वर्ग पुन्हा उघडले. आदल्या संध्याकाळी तिनं घड्याळ काढलं. वीस महिने ते बंद होतं. तिनं चावी फिरवली, चौथ्या फेऱ्याला बॅलन्स हलला आणि सेकंदकाटा चालू लागला. दुसऱ्या दिवशी रात्री तिनं सांगितलं, अर्ध्या मिनिटाचा फरक पडला, त्याहून जास्त नाही.

आता असं चालतं. शनिवारी तिची सकाळची शाळा असते, म्हणून साडेसहालाच चावी होते. दुपारी येऊन ती घड्याळ कोनाड्यात ठेवते. रविवारी कुणी त्याला हात लावत नाही. रात्री साडेनऊच्या सुमारास, घरात टीव्ही बंद असेल तर, ते थांबलेलं मला कळतं. सोमवारी सकाळी ती अंघोळ करून येते, तीस फेरे देते आणि काटे मिळवायला माझ्या रेडिओशेजारी येऊन उभी राहते.